बिडाच्या खांबांवरील घरे

अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडमध्ये उभ्या राहू लागलेल्या बहुमजली सूतगिरण्यांचा आकार यंत्रांच्या सोयीने ठरला. पाणचक्कीपासून किंवा वाफेच्या इंजिनापासून निघणारा फिरता दांडा जिथवर ताकद पोचवू शके तिथवर इमारतीची लांबी जाई, खिडकीतला उजेड धाग्यापर्यंत पोचला पाहिजे म्हणून रुंदी आवरती ठेवावी लागे, आणि दोन खांबांमधले अंतर यंत्राच्या मापावरून बेतले जाई. दीडशे-दोनशे वर्षांनी याच इमारतींत बिऱ्हाडे थाटण्याचा विचार सुरू झाला, तेव्हा ज्या मजल्याने कातयंत्रे पेलली तो पलंग आणि कपाटे सहज पेलील, असा सरळ हिशेब मांडला गेला. हिशेब खोटा नाही. ब्रिटिश मानकानुसार घराच्या मजल्यावर माणसे व सामानसुमान यांचा भार दर चौरस मीटरला १.५ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे १५० किलो, धरतात, आणि भारतीय मानकात तो २ किलोन्यूटन आहे. गोदामाच्या मजल्याला मात्र साठ्याच्या उंचीच्या दर मीटरमागे २.४ किलोन्यूटन धरावे लागतात, त्यामुळे तीन मीटर थप्पी रचली की भार घराच्या जवळजवळ पाचपट होतो. परंतु घराकडून कायद्याची आणि राहणाऱ्याची अपेक्षा केवळ वजन पेलण्याची नसते, आणि ज्या धातूच्या भरवशावर या गिरण्या उभ्या आहेत त्याचा स्वभाव पोलादावर शिकलेल्या अभियंत्याला ठाऊक नसतो. रूपांतराची खरी अडचण या दोन गोष्टींत आहे, आणि तिची मुळे गिरण्या बांधल्या गेल्या त्या काळात आहेत.

गिरण्यांच्या बांधणीला वळण लावले ते आगीच्या भीतीने. सुरुवातीच्या गिरण्यांत बाहेरच्या भिंती विटांच्या किंवा दगडाच्या असत, पण आतले खांब, तुळया आणि तक्तपोशी लाकडाची असे. यंत्रांच्या तेलाने मुरलेले लाकूड, हवेत तरंगणारे कापसाचे तंतू आणि मेणबत्त्यांचा उजेड एकत्र आल्यावर आगीला निमित्त शोधावे लागत नसे. १७९१ साली लंडनमधील अल्बियन मिल ही वाफेवर चालणारी प्रचंड पिठाची गिरणी जळून गेली आणि कारखानदारांना चांगलाच हादरा बसला. डर्बी येथील विल्यम स्ट्रट याने १७९२-९३ मध्ये बांधलेल्या सहा मजली गिरणीत बिडाचे, म्हणजे साच्यात ओतलेल्या लोखंडाचे, खांब वापरले आणि मजल्यांसाठी विटांच्या कमानी घातल्या. कमानींना आधार देणाऱ्या तुळया मात्र लाकडीच राहिल्या, आणि त्यांचा उघडा भाग गिलाव्याने झाकून घेण्यावर त्याला समाधान मानावे लागले. लाकूड पूर्णपणे हद्दपार करण्याचे धाडस चार्ल्स बेज याने केले. पेशाने मद्यविक्रेता आणि भूमापक असलेल्या या गृहस्थाने श्रूझबरीजवळ डिदरिंग्टन येथे १७९७ मध्ये पूर्ण केलेली जवसाच्या धाग्याची पाच मजली गिरणी ही खांब आणि तुळया दोन्ही लोखंडाचे असलेली जगातील पहिली इमारत समजली जाते. तिच्या खांबांचा छेद अधिकचिन्हासारखा आहे आणि वाकण्याचा धोका जिथे सर्वांत जास्त, त्या मध्यावर ते जाड केलेले आहेत. बेजने स्ट्रटला लिहिलेल्या पत्रांतून खांबांच्या आणि तुळयांच्या ताकदीचे गणित मांडले होते, आणि पुस्तकी संरचनाशास्त्र जेमतेम आकार घेत असताना झालेला हा पत्रव्यवहार कुठल्याही ग्रंथाइतकाच मोलाचा मानावा लागेल. थोड्याच वर्षांत बोल्टन आणि वॅट यांच्या कंपनीने सॅलफर्ड येथील गिरणीत गोल पोकळ खांब बसवले आणि हिवाळ्यात त्यांच्या पोकळीतून वाफ खेळवून इमारत उबदार ठेवली.

या बांधकामरीतीला अग्निरोधक बांधणी असे नाव पडले. तिचा मजला कसा उभा राहतो हे समजल्याशिवाय पुढच्या रूपांतराची अडचण कळणार नाही. अडीच-तीन मीटर अंतराने टाकलेल्या समांतर तुळयांच्या खालच्या ओठावर विटांची उथळ कमान टेकवायची, तिच्या पाठीवर राख, खडी किंवा चुन्याचा कोबा भरून सपाटी करायची आणि वर फरशी घालायची, अशी ही रचना. आपल्याकडील जुन्या सरकारी इमारतींतही ती जॅक आर्च या नावाने आढळते. कमान स्वतःचे वजन खाली टाकते, त्याचबरोबर दोन्ही बाजूंना रेटाही देते. शेजारशेजारच्या दोन कमानी आपल्यामधल्या तुळईला विरुद्ध दिशांनी सारख्याच जोराने रेटतात, म्हणून ती तुळई सरळ राहते. शेवटच्या कमानीचा रेटा बाहेरच्या जाड भिंतीने सोसायचा असतो, आणि ओळीतल्या तुळया एकमेकींना घडीव लोखंडाच्या सळयांनी बांधलेल्या असतात. थोडक्यात, मजल्यातली प्रत्येक कमान शेजारणीच्या भरवशावर उभी असते, आणि त्यांतली एक काढली तर बाकीच्यांचा तोल बिघडतो.

तुळईचा प्रश्न याहून अवघड होता. खांबात धातू दाबला जातो, आणि दाब सोसण्यात बीड फार बळकट आहे. तुळईवर भार आला की तिचा वरचा भाग दाबला जातो आणि खालचा ताणला जातो, आणि ताण सोसण्याची बिडाची शक्ती दाबाच्या मानाने साधारण एकषष्ठांशच असते. शिवाय पोलाद तुटण्यापूर्वी वाकते, ताणले जाते, पाहणाऱ्याला इशारा देते. बीड असा इशारा देत नाही. वर्षानुवर्षे विस्तवावर टिकणारा बिडाचा तवा हातातून निसटून फरशीवर पडला की तडकतो, तशी तुळईही एका क्षणात दुभंगते. टॉमस ट्रेडगोल्ड याने १८२२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पुस्तकात बीड ताण आणि दाब सारखेच सोसते असे गृहीत धरून वरखाली सारखे ओठ असलेल्या तुळईची शिफारस केली, आणि बऱ्याच ओतशाळांनी ती मान्य केली. मँचेस्टरच्या ईटन हॉजकिन्सन याने अभियंता विल्यम फेअरबेर्न याच्या अँकोट्स येथील कारखान्यात तुळया मोडून पाहिल्या आणि १८३१ मध्ये निष्कर्ष मांडला, की खालच्या ओठाचे क्षेत्रफळ वरच्याच्या सुमारे सहापट असावे. तुळईचा आडवा छेद त्यामुळे काळाची खूण बनला. आजचा अभियंता कमानीच्या बुडाशी थोडा गिलावा खरवडून तुळईचे दोन्ही ओठ मोजतो, आणि ओतणाऱ्याला हॉजकिन्सनचा नियम ठाऊक होता की नव्हता, हे त्यावरून बव्हंशी ओळखतो.

नियम ठाऊक होण्याची किंमत माणसांनी मोजली. १८४४ मध्ये ओल्डहॅम येथील एक अग्निरोधक गिरणी कोसळून वीसएक माणसे मृत्युमुखी पडली, आणि फेअरबेर्नने तिची तपासणी केली. १८४७ च्या मे महिन्यात चेस्टरजवळ डी नदीवरचा रॉबर्ट स्टीफन्सनचा रेल्वेपूल बिडाची तुळई तुटून पडला, आणि त्यानंतर मोठ्या गाळ्यांसाठी बीड वापरण्याबद्दलचा विश्वास उडाला. अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्यात लॉरेन्स गावची पेम्बर्टन मिल १० जानेवारी १८६० रोजी आत शेकडो कामगार असताना कोसळली. ढिगाऱ्यात अडकलेल्यांना काढण्याचे काम चालू असताना कंदिलामुळे आग लागली, आणि मृतांची संख्या शंभराच्या आसपास गेली. चौकशीत दोष खांबांवर आला. पोकळ खांब ओतताना साच्यातला मधला गाभा सरकला, की एका बाजूची भिंत जाड आणि दुसऱ्या बाजूची कागदासारखी पातळ होते, आणि बाहेरून रंग दिल्यावर ते कुणाच्याही लक्षात येत नाही. म्हणूनच आज गिरणीची घरे करायला घेतली, की प्रत्येक खांबाला परिघावर तीन-चार ठिकाणी बारीक भोके पाडून किंवा ध्वनिलहरींच्या यंत्राने त्याची जाडी मोजण्याचे कंटाळवाणे काम आधी उरकावे लागते. पेम्बर्टनचा हा धडा अजून जुना झालेला नाही.

अग्निरोधक या शब्दावरचा विश्वासही टिकला नाही. उघडे बीड आगीत तापते, आणि त्यावर बंबाचे पाणी पडले की तडे जातात. लंडनच्या अग्निशमन दलाचा पहिला प्रमुख जेम्स ब्रेडवुड हे सातत्याने सांगत असे आणि लोखंडी खांबांच्या गोदामांत आपली माणसे पाठवायला नाखूष असे. २२ जून १८६१ रोजी टूली स्ट्रीटच्या गोदामांच्या आगीत भिंत अंगावर पडून तो स्वतःच मरण पावला. न्यू इंग्लंडमधल्या विमा कंपन्यांनी याच्या उलट मार्ग धरला. त्यांनी लोखंड टाळून जाडजूड लाकडी तुळया आणि सलग जाड फळ्यांची तक्तपोशी यांचा आग्रह धरला, कारण जाड लाकूड बाहेरून हळूहळू कोळसा होत जाते आणि आतला गाभा बराच वेळ भार धरून राहतो. मंद जळणारी बांधणी या नावाने ती रीत ओळखली जाते, आणि अमेरिकेतील बहुसंख्य रूपांतरित गिरण्या तिच्याच आहेत.

विसाव्या शतकाच्या मध्यानंतर लँकेशायर, यॉर्कशायर आणि न्यू इंग्लंड येथील गिरण्या बंद पडत गेल्या आणि बंदरांतली गोदामे ओस पडली. त्यांत राहायला आलेले पहिले लोक बहुधा कलावंत होते, आणि न्यूयॉर्कच्या सोहो भागात तर ते कायदा मोडून राहत होते. राज्याने १९६४ मध्ये बहुनिवासी इमारतींच्या कायद्यात त्यांच्यासाठी वाट काढली आणि १९८२ च्या कायद्याने अशा भाडेकरूंना संरक्षण दिले. लंडनमध्ये वॉपिंग येथील १८७० चे ऑलिव्हर्स वॉर्फ हे चहाचे गोदाम १९७० नंतर दोनेक वर्षांत सदनिकांत बदलले गेले, आणि थेम्सकाठच्या अशा रूपांतरांत ते अगदी पहिल्यांपैकी होते. बॉस्टनमधील चिकरिंग पियानो कारखाना त्याच दशकात कलावंतांच्या घरांसाठी वापरात आला. अमेरिकेत १९७६ आणि त्यानंतर १९८१ च्या कायद्याने जुन्या इमारतींच्या पुनर्वापराला करसवलत मिळाली, तेव्हा हौसेने चाललेला हा उद्योग धंद्यात जमा झाला.

अभियंत्यांची तयारी मात्र धंद्याच्या मागे होती. विद्यापीठांत बीड शिकवणे केव्हाच थांबले होते आणि नव्या मानकांत त्याला जागा नव्हती. म्हणून लंडन काउंटी कौन्सिलच्या १९०९ च्या कायद्याकडे परत जावे लागले; त्यात बिडाला चौरस इंचामागे दीड टन एवढाच ताण अनुज्ञेय होता, तर पोलादाला साडेसात टन. लंडनच्या इन्स्टिट्यूशन ऑफ स्ट्रक्चरल इंजिनियर्सने १९८० मध्ये अस्तित्वात असलेल्या संरचनांच्या मूल्यमापनावर मार्गदर्शिका काढली, आणि नव्या इमारतीचा आराखडा करणे व जुनीची परीक्षा करणे ही दोन वेगळी कौशल्ये असल्याचे त्यानंतर धंद्यात मान्य झाले. नव्या कामात अभियंता धातूची प्रत ठरवतो. जुन्या कामात ती त्याला शोधावी लागते.

हा शोध कसा चालतो, हे मँचेस्टरच्या अँकोट्स भागात एकाच रस्त्यावर पाहता येते. रॉचडेल कालव्याच्या काठाने जाणाऱ्या रेडहिल स्ट्रीटवर १७९८ ची मरे बंधूंची ओल्ड मिल, मॅककॉनेल आणि केनेडी यांची १८१८ मध्ये सुरू झालेली आठ मजली सेजविक मिल आणि १९१२ ची रॉयल मिल जवळजवळ आहेत, आणि एकविसाव्या शतकात तिन्हींत घरे झाली. मरे बंधूंच्या गिरणीत बिडाच्या खांबांवर लाकडी तुळया आहेत. तिथे पहिली शंका तुळईच्या टोकांची असते, कारण ती ओलसर भिंतीत शिरलेली असतात आणि बाहेरून धडधाकट दिसणारे लाकूड आत भुसभुशीत झालेले असू शकते. अभियंता त्यात सुईसारखे बारीक गिरमिट घुसवतो आणि त्याला होणाऱ्या विरोधाचा आलेख पाहून सडका भाग किती खोल आहे ते ठरवतो. वरच्या घरातली पावले खालच्या घरात ऐकू येऊ नयेत म्हणून अशा मजल्यावर नवे थर घालावे लागतात, आणि त्यांचे वजन यंत्रे गेल्यामुळे वाचलेल्या वजनातून वजा होते. सेजविक मिलमध्ये बिडाच्या तुळया आणि विटांच्या कमानी असल्यामुळे आवाजाचा प्रश्न हलका, पण तुळईचा प्रश्न गंभीर. मजल्यावर वजन ठेवून परीक्षा घ्यायची तर तुळईखाली अगदी थोडी फट ठेवून टेकू उभे करावे लागतात, म्हणजे ती तुटलीच तर बोटभर खाली येऊन थांबेल. अशा परीक्षांत पुष्कळदा मजला गणितापेक्षा ताठ निघतो, कारण कमान आणि तिच्यावरचा कोबा तुळईबरोबर भार वाटून घेतात. ही मदत किती विश्वासाने हिशेबात धरावी याबद्दल अभियंत्यांत मतभेद आहेत, आणि सावधपणा दाखवणाऱ्यांची बाजू अधिक सयुक्तिक वाटते. रॉयल मिलपाशी आले की पोलाद आणि काँक्रीट सुरू होते. त्या पिढीच्या पोलादी तुळयांच्या अंगावर पुष्कळदा कारखान्याचे नाव उठवलेले असते, आणि त्या नावावरून जुनी पुस्तिका उघडली की आकारमान व ताकद हाती लागते. तिथे अभियंत्याचे काम बरेच सोपे होते.

घरांसाठीचा कायदा या इमारतींना दुसऱ्या एका बाजूने गाठतो. १६ मे १९६८ रोजी लंडनमध्ये रोनन पॉइंट या नव्या बावीस मजली इमारतीत वायूचा स्फोट होऊन एका कोपऱ्यातले सर्व मजले पत्त्यांसारखे कोसळले. त्यानंतर ब्रिटिश नियमांत अशी तरतूद आली, की एखादा खांब किंवा भिंत निकामी झाली तरी पडझड मर्यादित राहावी आणि त्यासाठी संरचनेचे भाग एकमेकांना बांधलेले असावेत. गिरण्यांत नेमकी हीच बांधणी नसते. तुळई भिंतीच्या खोबणीत नुसती टेकलेली असते, खालच्या खांबाच्या डोक्यावर वरचा खांब खुंटीने बसवलेला असतो आणि सगळे काही वजनाच्या जोरावर जागच्या जागी राहते. बिडाला डाग देऊन जोडण्याचा मार्गही बंद, कारण जोडाच्या उष्णतेने तडे जातात. म्हणून पोलादी पट्ट्या, कड्या आणि बोल्ट यांनी तुळयांची टोके भिंतींना व एकमेकींना बांधली जातात, आणि उघड्या खांबांना उष्णतेने फुगून जाड फेसासारखे कवच धरणारा रंग दिला जातो.

सर्वांत अधिक कस लागतो तो मजल्याला भोक पाडताना. घरांना उद्वाहन हवे, आगीच्या वेळी उतरायला बंदिस्त जिना हवा, पाण्याचे व सांडपाण्याचे नळ उभे जायला वाट हवी. आणि एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धातल्या रुंद गिरण्यांत मधल्या खोल्यांना उजेड मिळावा म्हणून कधी आख्खा चौकच कोरून काढावा लागतो. कमानींच्या मजल्यात नुसता चौकोन कापता येत नाही. आधी शेजारच्या तुळयांच्या दरम्यान पोलादी आडव्या तुळया घालून कमानीचा रेटा त्यांच्यावर घ्यायचा, मग कोबा उचलायचा, मग दोन्ही बाजूंनी सारख्या गतीने विटा काढत यायचे आणि शेवटी भोकाची कड नव्या पोलादाने बांधायची, असा क्रम पाळावा लागतो. हा क्रम नकाशावर लिहून चालत नाही, तो गवंड्यांना समोर उभे राहून समजावावा लागतो. जिना कुठे घालायचा हे वास्तुविशारदाने आधी ठरवले आणि अभियंत्याला मागाहून विचारले, तर खर्च वाढतो. चांगल्या रूपांतरांत यंत्रांना ताकद पोचवणाऱ्या जुन्या दोरखंडांच्या किंवा पट्ट्यांच्या वाटा, मालाचे उद्वाहन आणि कोपऱ्यातले दगडी जिने यांचाच पुन्हा उपयोग केलेला दिसतो.

वाचलेल्या भाराचा उपयोग छपरावरही झाला. ब्रॅडफर्डच्या मॅनिंगहॅम भागात सॅम्युएल कन्लिफ लिस्टर याने १८७० च्या दशकात बांधलेली रेशीम आणि मखमलीची गिरणी १९९२ मध्ये बंद पडली आणि पुढे तिच्या इमारतींत टप्प्याटप्प्याने घरे झाली. त्यांपैकी मखमलीच्या इमारतीच्या माथ्यावर हलक्या चौकटीच्या नव्या घरांची ओळ बसवण्यात आली. खालच्या मजल्यांवरून यंत्रे गेल्यामुळे खांबांत आणि पायात जी ताकद शिल्लक राहिली तिचाच हा वापर होता.

मुंबईचा या इतिहासाशी संबंध दूरचा नाही. १८५४ मध्ये कावसजी नानाभाई दावर यांनी ताडदेव येथे स्थापन केलेल्या पहिल्या सूतगिरणीला ओल्डहॅमच्या प्लॅट ब्रदर्सचे साहाय्य होते, आणि काळाघोड्याजवळच्या वॉटसन्स हॉटेलाचा लोखंडी सांगाडा स्ट्रटच्याच डर्बी गावच्या फिनिक्स फाउंड्रीत ओतला गेला होता. तरीही १९८२ च्या संपानंतर गिरणगावातल्या गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, तेव्हा त्यांतल्या फारच थोड्या इमारती नव्या वापरासाठी राखल्या गेल्या, आणि ज्या राखल्या गेल्या त्या बहुतेक दुकानांसाठी व कार्यालयांसाठी. करवती छपरांच्या एकमजली शेडमध्ये घरे बसवणे अवघड होते हे मान्य करावे लागेल; पण बहुमजली कातखात्यांना हे कारण लागू पडत नाही. विकास नियंत्रण नियमावलीतील १९९१ च्या ५८ व्या नियमाने गिरणीच्या जमिनीचा एक वाटा मोकळ्या जागेसाठी महापालिकेला आणि एक वाटा सार्वजनिक घरांसाठी म्हाडाला द्यायचा ठरवला होता. २००१ च्या दुरुस्तीने हा वाटा फक्त आधीपासून मोकळ्या असलेल्या जमिनीवर मोजायचा ठरला, इमारती पाडून मोकळी होणारी जमीन त्यातून सुटली, आणि २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ही दुरुस्ती वैध ठरवली. त्यामुळे पाडण्यात मालकाचे नुकसान काहीच उरले नाही, आणि बिडाचे खांब अजून किती वर्षे टिकले असते हे कुणाला मोजून पाहावेसेही वाटले नाही. जे थोडे सांगाडे मुंबईत आजही उभे आहेत, त्यांच्या खांबांची जाडी, तुळयांचे छेद आणि त्यांच्यावरची ओतशाळांची नावे यांची नोंद पुढची पाडकामाची परवानगी देण्यापूर्वी घेतली जावी, एवढी तरी मागणी नगररचनाकारांनी आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी महापालिकेकडे करायला हवी.